रानाचे पाणी कोणाच्या खात्यावर?

जुलैचा पहिला आठवडा उजाडला की वनमहोत्सवाचे फलक झळकू लागतात. कन्हैयालाल मुनशी केंद्रात अन्न व कृषी मंत्री असताना १९५० साली सुरू झालेला हा उपक्रम आता एखाद्या व्रतवैकल्यासारखा नेमाने पार पडतो. रोपे येतात, पाहुणे येतात, छायाचित्रे निघतात. गेल्या वर्षीचाच खड्डा यंदाही उपयोगी पडला, ही विनोदी कुजबुजही दरवर्षी तितक्याच नेमाने होते. या समारंभांत एक वाक्य हमखास ऐकू येते. झाडे लावली म्हणजे पाऊस पडतो, हे ते वाक्य. शाळेच्या भिंतीवर ते रंगवलेले असते, मंत्र्यांच्या भाषणात असते आणि दुष्काळी तालुक्यातील सरपंचाच्या निवेदनातही असते. वाक्य इतके अंगवळणी पडले आहे की ते कितपत खरे आहे, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. वस्तुतः राज्याच्या तिजोरीतील कोट्यवधी रुपये या एका वाक्याच्या भरवशावर खर्च होत असताना तो प्रश्न विचारणे हे निदान अर्थशास्त्राच्या दृष्टीने तरी आवश्यक आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पाऊस पाडण्याचे मुख्य काम डोंगर करतो. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाने लादलेले वारे सह्याद्रीच्या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपले ओझे तेथेच टाकतात. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून घाट उतरून वाईला यावे तर हजारदेखील भरत नाही, आणि आणखी पूर्वेला माण-खटावात पाचशेच्या आसपासच मजल जाते. सह्याद्रीवरील सगळे रान उद्या नाहीसे झाले तरी डोंगर जागचा हलणार नाही व मोसमी वाऱ्यांचा ओघही थांबणार नाही. भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८७ साली मध्य प्रांतातील राखीव रानांच्या आधारे जंगल आणि पाऊस यांचा संबंध तपासला होता. म्हणजे हा वाद सव्वाशे वर्षांहून जुना आहे, आणि तो एका वाक्यात मिटण्याजोगा असता तर केव्हाच मिटला असता.

ॲमेझॉनचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते. एनेआस सालाती या ब्राझिली शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९७९ साली पावसाच्या पाण्यातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा अभ्यास केला आणि त्या खोऱ्यातील सुमारे निम्मा पाऊस रानानेच पुन्हा हवेत सोडलेल्या बाष्पातून पडतो, असे दाखवून दिले. तेथे एकच पाणी समुद्रापासून अँडीज पर्वतापर्यंत जाताना अनेकदा पडते आणि अनेकदा वर जाते. पण ॲमेझॉनचे खोरे हजारो किलोमीटर खोल आहे. सह्याद्रीचा माथा समुद्रापासून जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. तेथील पावसाला समुद्राचे ताजे बाष्प पुरेसे असते, रानाने हातभार लावण्याची त्याला फारशी गरज नाही. तेव्हा ब्राझीलचा निष्कर्ष उचलून जसाच्या तसा कोकणच्या माथी मारणे योग्य नव्हे.

असे असले तरी रानाचा आणि पावसाचा काहीच संबंध नाही, असे म्हणणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने लक्षणीय आहे. पश्चिम घाटातील दाट वनराजी मुळांनी घेतलेले पाणी पानांवाटे पुन्हा हवेत सोडते. ते बाष्प नैर्ऋत्य वाऱ्यांबरोबर घाट ओलांडून पूर्वेकडे जाते, आणि पर्जन्यछायेतील तमिळनाडूला नैर्ऋत्य मोसमी काळात जो पाऊस मिळतो त्याला लागणाऱ्या बाष्पापैकी २५ ते ४० टक्के वाटा या रानाचा असतो, असा त्यांचा अंदाज आहे. ज्या वर्षी मोसमी पाऊस कमी पडतो किंवा मध्येच दडी मारतो, त्या वेळी हा वाटा आणखी वाढतो. कारण उघड आहे. समुद्राकडून येणारा पुरवठा आटला तरी जमिनीत मुरलेले पाणी झाडे वर खेचीत राहतात. महाराष्ट्राच्या पठाराला हाच आकडा लावणे घाईचे ठरेल. परंतु यातील अर्थशास्त्रीय आशय दूरगामी आहे. रान केरळ-कर्नाटकात, ते राखण्याचा भार तेथील गावांवर, आणि त्याचा लाभ मात्र दुसऱ्या राज्यातील अशा शेतकऱ्याला, ज्याने ते रान आयुष्यात पाहिलेले नाही. लाभ घेणारा व किंमत मोजणारा यांची अशी फारकत झाली की बाजार त्या वस्तूची किंमत शून्य धरतो. तमिळनाडूच्या शेतकऱ्याला ढगावर पावती लिहून येत नाही.

रानाचे खरे मोठे काम पाऊस पडल्यानंतर सुरू होते. पाच हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर पाच कोटी लिटर पाणी, आणि तेही मुख्यतः चार महिन्यांत. हे पाणी उघड्या, तुडवलेल्या, जळक्या उतारावर पडले तर ते माती घेऊन तासाभरात ओढ्याला मिळते. तेच पाणी अंजनी-जांभूळ-पिशाच्या दाट छपरावर पडले तर काही भाग पानांवरूनच उडून जातो. उरलेले पाणी पालापाचोळ्याच्या जाड थरातून, मुळांनी आणि वाळवी-गांडुळांनी पोखरलेल्या मातीतून सावकाश खाली झिरपते. हा वेळेचा फरक हीच रानाची कमाई. पावसाळ्यातले पाणी मार्च-एप्रिलपर्यंत पुरवून वापरण्याची सोय निसर्गाने कोणत्याही भिंतीवाचून येथे केलेली आहे. कोकणातील जुन्या देवरायांच्या पोटाशी बारमाही झरा असतो, यामागील रहस्य हेच. त्या देवरायांची शास्त्रीय दखल माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात घेतली. गावकऱ्यांनी ती त्यापूर्वी कित्येक शतके घेतली होती.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील लहान पाणलोटांवर झालेल्या मोजमापांतून हेच दिसले. जुन्या नैसर्गिक रानातील माती पाणी झपाट्याने पिते. वर्षानुवर्षे चराई, तोड आणि वणवा यांनी झिजलेल्या जमिनीवरून मात्र पाणी वाहून जाते आणि उन्हाळ्यात तेथील ओहोळ लवकर कोरडे पडतात. झिजलेल्या जमिनीवर बाभूळवर्गीय झाडांची लागवड केल्यास स्थिती काही अंशी सुधारते, पण मूळ रानाची सर तिला येत नाही. मातीतील ती पोकळी तयार व्हायला पिढ्या जातात आणि ती बुजायला बुलडोझरचा एक हंगाम पुरतो.

येथे एक मर्यादा प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले आणि महाडजवळच्या तळियेवर दरड कोसळली, तेव्हा महाबळेश्वरी चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. एवढा पाऊस जिरवण्याची शक्ती जगातील कोणत्याही रानात नाही. माती एकदा पाण्याने पूर्ण भरली की पुढचा थेंब रानातूनही तसाच वाहतो. झाडांची मुळे वरची माती धरून ठेवतात. खोलवर सुटलेला डोंगराचा भाग त्यांना धरवत नाही. महापुराच्या दुसऱ्या दिवशी वृक्षतोडीच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी आणि रानाचा काहीच उपयोग नाही असे म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही हे ध्यानात घेतलेले बरे. रानाचा प्रभाव मध्यम पावसात आणि कोरड्या महिन्यांत सर्वाधिक असतो. महापूर वर्षातून दोन दिवस बातम्यांत झळकतो, आटलेला झरा दोनशे दिवस बातमी होत नाही, म्हणून धोरणकर्त्यांचे लक्ष नेमके उलट्या बाजूस जाते.

आता झाडांच्या तहानेकडे वळले पाहिजे, कारण वनमहोत्सवाच्या भाषणांत तिचा उल्लेख कधीही येत नाही. झाड पाणी साठवते त्याप्रमाणे ते पाणी पितेही, आणि गवतापेक्षा कितीतरी अधिक पिते. बॉश आणि ह्यूलेट यांनी १९८२ साली जगभरच्या ९४ पाणलोट प्रयोगांचा आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष असा की रान तोडले तर ओढ्याचे एकूण वार्षिक पाणी वाढते आणि झाडे लावली तर ते कमी होते. भारतातील सर्वांत बोलका पुरावा निलगिरी पर्वतावरील ग्लेनमॉर्गनचा आहे. तेथे गवताळ कुरणाच्या व शोला रानाच्या पाणलोटाचा काही भाग युकॅलिप्टसखाली आणला गेला. १९७२ ते १९८१ या पहिल्या फेरीत ओढ्याचे पाणी सुमारे १६ टक्क्यांनी घटले. झाडे तोडल्यावर बुंध्यातून आलेल्या दुसऱ्या फेरीत घट पंचवीस टक्क्यांच्या घरात गेली. दक्षिण आफ्रिकेने तर १९९५ पासून पाणलोटांतील परदेशी झाडे तोडण्याची सरकारी मोहीमच हाती घेतली, कारण ती झाडे नद्यांचे पाणी पीत होती. झाडे तोडून पाणी वाढवणारे सरकार आणि झाडे लावून पाणी वाढवू पाहणारे सरकार, अशी दोन्ही सरकारे एकाच काळात नांदत होती. दोघांपैकी एकाने तरी मोजमाप केले होते.

महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत अनुक्रमे दोन, चार, तेरा आणि तेहेतीस कोटी झाडे लावण्याची उद्दिष्टे जाहीर झाली. उद्दिष्टामागील सदिच्छेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न जागेचा आहे. इतके खड्डे खणायला मोकळी जमीन कोठे मिळणार? सह्याद्रीच्या माथ्यावर ती नाही. ती माणदेशात, सोलापुरात, नगरच्या पूर्वेला आहे, आणि सरकारी कागदोपत्री तिचे नाव पडीक असे आहे. ही पडीक जमीन म्हणजे दख्खनच्या पठारावरील हजारो वर्षांची कुरणे होत. जेथे वार्षिक पाऊसच पाचशे मिलिमीटर, तेथे दाट लागवड टिकली तर भूजलावर ताण येतो आणि न टिकली तर पैसा वाया जातो. शिवाय समतल चर खणून कुंपण घातले की मेंढपाळाची वाट बंद होते. ज्याची मेंढरे त्या गवतावर जगतात, त्याला वृक्षारोपणाच्या सभेला कोणी बोलावीत नाही. गवत हेदेखील जमिनीचे पांघरूण आहे, त्याखालीही पाणी मुरते आणि तेथे पडणाऱ्या पावसाला तेच मानवते, हे सांगायला वनखात्याकडे रकाना नाही.

रकाने नसणे हे या सगळ्या व्यवहाराचे मर्म आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या जमिनीवर दहा टक्क्यांहून अधिक भाग झाडांच्या छायेखाली आहे ती जमीन वनाच्छादित. झाड कोणत्या जातीचे, जमिनीचा मालक कोण, याला महत्त्व नाही. २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचे वनाच्छादन ५०,७९८ चौरस किलोमीटर, म्हणजे साडेसोळा टक्के दाखवले आहे. या आकड्यात ताडोबाचे रान आहे तशा कोकणातील काजूच्या बागाही असू शकतात. दोडामार्गच्या एखाद्या डोंगरावरचे जुने सदाहरित रान साफ करून तेथे रबर लावला, तर उपग्रहाच्या डोळ्याला काही वर्षांनी ते पुन्हा वनच दिसेल. ताळेबंदात तोटा शून्य. पऱ्ह्याला मात्र फेब्रुवारीतच कोरड.

नुकसानभरपाईचे गणितही याच धाटणीचे आहे. कांचन चोप्रा समितीच्या शिफारशींनंतर २००८ साली वनजमिनीचे निव्वळ वर्तमान मूल्य हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये ठरले. २०२२ मध्ये ते साडेनऊ ते सोळा लाखांच्या दरम्यान गेले. कशाला तरी किंमत आहे, एवढे मान्य झाले ही प्रगतीच म्हणायची. परंतु ही रक्कम प्रकल्पवाला एकदाच भरतो, ती भरपाई निधीत जमा होते, आणि ज्या खोऱ्यातले रान गेले त्या खोऱ्यात ती परत येईल याची शाश्वती नाही. पर्यायी वनीकरणाला खोऱ्याचे बंधन नाही. निकोबार बेटावरील सुमारे १३० चौरस किलोमीटर वर्षावनाच्या बदल्यात हरियाणात झाडे लावण्याचा प्रस्ताव २०२२ साली मंजूर झाला, तेव्हा लाकडाचा आणि फार तर कार्बनचा हिशेब जुळला असेल. कार्बन कोठेही साठवला तरी वातावरणाला सारखाच. पाणी तसे नाही. पाणी हे त्या खोऱ्याचे, त्या गावाचे, त्या उताराचे असते, आणि गुरगावचे झाड निकोबारच्या ओढ्याला पाणी देऊ शकत नाही.

मुंबईचे उदाहरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. या शहराने १८६० साली विहार, १८७९ साली तुळशी आणि १८९२ साली तानसा असे तलाव एकामागून एक बांधले. पहिले दोन तलाव आज राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहेत आणि तानसाभोवती अभयारण्य आहे. पुढे वैतरणा आणि भातसा आले. आता दररोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी शहराला मिळते आणि त्यातील बहुतेक शहापूर व त्यालगतच्या डोंगराळ, आदिवासी मुलखातून येते. त्याच शहापूर तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर धावतात, ही बातमी दरवर्षी येते आणि दरवर्षी विसरली जाते. जलवाहिनी गावाच्या शिवेवरून जाते आणि घागर मैलभरावरून येते. त्या रानात राहणाऱ्या ठाकूर-कातकऱ्याला रान राखण्याबद्दल काही मिळत नाही. राबासाठी फांद्या तोडल्या तर दंड मात्र मिळतो. दुसरीकडे शहराची तहान वाढली की उपाय म्हणून गारगाईवरील धरणाची योजना पुढे येते, आणि त्यासाठी त्याच अभयारण्यातील शेकडो हेक्टर वनजमीन पाण्याखाली जायची असते. पाणी साठवणारे रान बुडवून पाणी साठवायचे, असा हा व्यवहार आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात तर सरकारी मालकीचे वन नावापुरतेच आहे, बहुतेक रान खासगी. मालक मुंबईला किंवा ठाण्याला नोकरीत. घरात लग्नकार्य निघाले, छप्पर शाकारायचे झाले, की ठेकेदार उभा राहतो आणि ऐन-किंजळीचा डोंगर एकगठ्ठा भावाने विकला जातो. या माणसाला निसर्गद्रोही म्हणून हिणवणे सोपे आहे. प्रत्यक्षात तो आपल्या उत्पन्नाचा साधा हिशेब करीत असतो. उभे रान त्याला एक पैसाही देत नाही, पडलेले रान रोख देते. पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राला कोकणातून जो कडवा विरोध झाला, त्याचे मूळ बरेचसे येथे आहे. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. त्यानंतर २०१४ ते २०२४ या काळात केंद्राने अधिसूचनेचे सहा मसुदे काढले. शेवटच्या मसुद्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र होते. प्रत्येक मसुद्यात काय करू नये याची यादी होती. जो ते करणार नाही त्याला काय मिळेल, या बाबतीत ते मसुदे मौनच पाळून होते. नुसत्या मनाईवर रान टिकत असते तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर चिंतेचे कारणच उरले नसते.

केंद्राने राज्यांना मात्र हे तत्त्व लागू केले आहे. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासूनच्या करवाटपात वनक्षेत्राला साडेसात टक्के भार दिला, पंधराव्याने तो दहा टक्के केला. रान राखणाऱ्या राज्याला त्याबद्दल पैसा मिळावा हे दिल्लीला पटले. मुंबईला ते पटल्याचे चिन्ह नाही, कारण त्या निकषाने आलेला पैसा रान असलेल्या ग्रामपंचायतीकडे त्याच निकषाने पोहोचवण्याची व्यवस्था राज्याने केलेली नाही. न्यूयॉर्क शहराने १९९७ साली अब्जावधी डॉलरचा गाळणी प्रकल्प टाळून कॅट्सकिल डोंगरातील पाणलोट राखण्यासाठी तेथील गावांशी करार केला. कोस्टारिका त्याच वर्षापासून इंधनकरातून रानमालकांना वार्षिक मोबदला देत आली. फार दूर जायला नको, हिमाचलातील पालमपूरच्या नगरपालिकेने २०१० साली आपल्या झऱ्याचे पाणलोट राखणाऱ्या बोहल गावाशी असाच करार केला. पालमपूर ही काही श्रीमंत नगरी नव्हे.

महाराष्ट्रात अशा व्यवस्थेला लागणारी संस्था हाताशी आहे. २००५ च्या कायद्याने स्थापन झालेले जलसंपत्ती नियमन प्राधिकरण घाऊक पाण्याचे दर ठरवते. त्या दरात व्यवस्थापन, देखभाल आणि दुरुस्ती यांचा खर्च धरला जातो. धरणाच्या दरवाजाला रंग लावण्याचा खर्च त्यात बसतो, ज्या रानातून धरणात पाणी येते त्याचा बसत नाही. हजार लिटरमागे अवघे दहा पैसे या कारणासाठी लावले तर एकट्या मुंबईच्या रोजच्या पाण्यावर वर्षाला सुमारे चौदा कोटी रुपये जमतील. तानसा अभयारण्य साधारण तीनशे चौरस किलोमीटरचे आहे. तेवढ्या क्षेत्राला ही रक्कम हेक्टरी साडेचार हजार रुपयांच्या आसपास पडते. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून वीज करून वाशिष्ठीला सोडले जाते. त्या विजेच्या प्रत्येक युनिटवर असाच नाममात्र आकार लावता येईल.

आक्षेप अर्थातच निघतील. पैसा खरोखर पाड्यावर पोहोचेल काय, की मधल्या कचेऱ्यांतच जिरेल, हा त्यातला सर्वांत रास्त आक्षेप. त्याचे उत्तर गडचिरोलीत अंशतः सापडते. मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर रानावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि मोठी रक्कम ग्रामसभेच्या खात्यावर ठेवून तिचा हिशेब चव्हाट्यावर मांडता येतो हे तेथे सिद्ध झाले. ज्या गावांना तो हक्क मिळाला आहे त्यांच्यापासून आरंभ करता येईल. खासगी रानाच्या बाबतीत मालकाशी दहा-पंधरा वर्षांचा लेखी करार हा मार्ग आहे. तोड झाली तर करार रद्द आणि दिलेली रक्कम सातबाऱ्यावर बोजा म्हणून चढवायची. मोजणीसाठी प्रत्येक पाणलोटात महागडी यंत्रे बसवण्याचीही आवश्यकता नाही. एप्रिलमध्ये झरा वाहतो की नाही, ही नोंद गावातील शाळामास्तरही ठेवू शकतो. दहा पैशांच्या दरवाढीने शहरी मतदार रागावेल, हा आक्षेप तर मुंबईत उन्हाळ्यात टँकरला काय मोजावे लागते हे ठाऊक असलेल्या कोणी गंभीरपणे मांडू नये. प्राधिकरणाचा दरांचा पुढचा फेरआढावा येईल तेव्हा शहापूरच्या ग्रामसभांना सुनावणीला बोलावून घेण्यास कायद्याची कोणतीही आडकाठी नाही.